तिहाई हा शब्द कुठला आणि ती हातावर मोजायची कशी

तबला असो की कथक, शेवटाकडे एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्यांदाचा धा, म्हणजे तुकड्याचा शेवटचा बोल, बरोब्बर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडतो, ती तिहाई. शब्द हिंदीतला, तिथे तिहाई म्हणजे तिसरा हिस्सा, बातम्यांत 'दो तिहाई बहुमत' म्हणतात ना तोच. म्हणजे नावात शेवट वगैरे काही नाहीये, नुसते तीन सारखे भाग. म्हणूनच ती तबल्यातला कायदा (ठरलेल्या बोलांची विस्तार करत वाजवायची रचना) किंवा गाण्यातली तान संपवतानाही येते, कार्यक्रमच संपायला हवा असं नाही.

आता मोजायला घ्या. तीनताल, 16 मात्रा, म्हणजे सारख्या अंतराचे 16 ठोके, टाळी 1, 5, 13 ला आणि 9 ला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. बोल 'तिट कत गदि गन धा', मात्रेला एक, म्हणजे 5 मात्रा. समेपासून सुरू करा, धा झाला की एक मात्रा गप्प, परत तेच, परत एक मात्रा गप्प, परत तेच. 5+1+5+1+5, झाले 17. इथे सगळे अडकतात, मी पण कितीतरी दिवस अडकलो होतो, की ताल 16 चा आणि हिशोब 17 चा कसा, अहो शेवटचा धा पुढच्या आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीच्या समेवर पडायचाय म्हणून एक जास्त, बाकी काही नाही. बरोबर चाललंय का बघायचं तर पहिला धा 5 च्या टाळीवर आला पाहिजे आणि तिसरा तुकडा 13 च्या टाळीवर सुरू झाला पाहिजे.

मधे सोडलेल्या मात्रेला दम म्हणतात, श्वासवाला दम, म्हणून ही दमदार तिहाई. दम काढला की बेदम, मग 15 च मात्रा लागतात, म्हणून ती समेवरून नाही, 3 ऱ्या मात्रेवरून उचलायची. खरी गडबड दमातच होते, गप्प बसवत नाही आणि लोक तेवढी मात्रा खाऊन टाकतात. तोंड बंद ठेवा पण हात चालू ठेवा.

झपतालात 10 मात्रा, म्हणजे 11 पाहिजेत, तर 3 मात्रांचा तुकडा घ्या, 3+1+3+1+3.

आणि तिहाईवर संपणारा अख्खा तुकडाच तीनदा आला की ती चक्रदार. त्यात पहिल्या तिहाईलाच संपलं समजून टाळ्या वाजवणारे असतातच, आपल्यासारखा एका धा चा बोल असेल तर 9 वा धा येईपर्यंत हात खाली ठेवा.