हॉर्टन प्लेन्सला जायचंय? मग नाश्ता डब्यात न्या

श्रीलंकेच्या टूरमध्ये हॉर्टन प्लेन्स, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळाचं राष्ट्रीय उद्यान, म्हटलं की बहुतेकांना वर्ल्ड्स एंडच्या कड्यावरचा फोटो हवा असतो. पण तो कडा नऊ-साडेनऊ किलोमीटरच्या पायवाटेवरचा एक थांबा आहे, आणि धुकं आलं तर तो दिसणारसुद्धा नाही. तरीही फेरी वाया गेली असं वाटू नये, असा दिवस आखायला हवा. नात्यातलं, सोसायटीतलं कुणी निघालं की मी त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

महिना जमलाच तर जानेवारी ते मार्च निवडा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस अंगावर येतो. मुक्काम नुवरा एलियाला करा. तिथून उद्यान तीसेक किलोमीटरच आहे, पण रस्ता वळणावळणाचा, तेव्हा दीड तास धरून चाला. फाटक सहाला उघडतं. व्हॅनवाल्याला आदल्या रात्रीच साडेचारची वेळ सांगून ठेवा. आपल्यात एखादे काका असतातच, "हॉटेलचा नाश्ता पैसे भरून घेतलाय, तो करूनच निघू" म्हणणारे. त्यांचा नाश्ता हॉटेलकडून बांधून घ्या, पण निघायला उशीर करू नका. ऊन चढलं की खालच्या दरीतली दमट हवा तापून कड्याला धरून वर सरकते, वर थंडावून तिचे ढग होतात आणि नऊ-दहापर्यंत समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून आठच्या सुमारास कड्यावर असायला हवं.

रेल्वेची हौस असेल तर ओहिया किंवा पट्टिपोला स्टेशनला उतरता येतं. पट्टिपोला हे श्रीलंकेतलं सर्वांत उंचावरचं स्टेशन. मात्र पावसाळ्यात या मार्गावर दरडी कोसळतात, त्यामुळे गाड्या सुरू आहेत ना याची आधी चौकशी करा. शिवाय पहाटेचं फाटक गाठायला गाडीचा काही उपयोग नाही, जवळपास मुक्कामच करावा लागतो.

आता डबा. फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा सोलायला लावतात. आपला चिवडा, बिस्किटं, खाकरे सगळं पाकिटात असतं, आणि मग तिथे रांग अडवून पाकिटं फोडत बसावं लागतं. रात्रीच सगळं स्टीलच्या डब्यात आणि कापडी पिशवीत काढा, ओला रुमाल घ्या, पाणी घरच्या बाटलीत भरा. हा जाच कशासाठी, ते वाहनतळावर कळतं. तिथे सांबरं अगदी गाडीच्या दारापर्यंत येतात. लोक त्यांना खायला घालतात आणि त्याबरोबर प्लास्टिकही त्यांच्या पोटात जातं. दारात सांबर आलं तर बघा, फोटो काढा, पण हातातलं काही देऊ नका. मुलांना हे गाडीतून उतरण्याआधीच बजावा.

माळ 2100 ते 2300 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेचारशे मीटर तरी उंच. जानेवारी-फेब्रुवारीत गवतावर हिमकण असतात. स्वेटर, कानटोपी घाला, पण एकावर एक असे की नऊ वाजता काढता येतील. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, कारण माळावर सावली नाही.

चालायला सुरुवात फार इनपासून. थॉमस फार हा इंग्रज मळेवाला, त्याच्या काळातली ही शिकारीची बंगली. आता तिथे माहिती केंद्र आहे. स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या. हॉर्टन हे नाव सिलोनचा गव्हर्नर रॉबर्ट विल्मट-हॉर्टन याचं, वाटेवरच्या बेकर्स फॉल्स धबधब्याच्या नावातला बेकर म्हणजे सॅम्युअल बेकर, नुवरा एलियात राहून शिकार करणारा. एकेकाळी इथे हत्ती होते, आता नाहीत. ओढ्यांत इंग्रजांनी आणून सोडलेले ट्राउट मासे मात्र अजून आहेत. इंग्रजांतल्याच एकाचं ऋणही मानायला हवं: वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 1873 मध्ये पाच हजार फुटांवरचं जंगल तोडू नका असा सल्ला दिला. नाहीतर इथेही चहाच दिसला असता. राष्ट्रीय उद्यान झालं 1988 मध्ये.

वाट गोल आहे. आधी छोटं वर्ल्ड्स एंड, मग मोठं, आणि परतताना धबधबा, हाच क्रम ठेवा. मोठ्या कड्याखाली साडेआठशे मीटरहून जास्त खोली आहे. कोकणकड्यावर पालथं पडून पाहिलं असेल त्यांना अंदाज येईल. खाली चहाचे मळे आणि मजुरांच्या चाळी काड्यापेटीएवढ्या दिसतात. दवाने खडक निसरडे असतात, सेल्फीसाठी टोकाला जाऊ नका.

इथून बहुतेक ग्रुप धावत सुटतात. तुम्ही हळू चला. छत्रीसारखी सपाट माथ्याची कीना झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं दगडफूल आणि लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे हिमालयातल्या बुरांशाचाच भाऊ, हे सगळं याच टप्प्यात भेटतं. शेवाळलेल्या बुंध्यांवर नाकावर शिंग असलेला बोटभर सरडा शोधा. हललाच नाही तर दिसत नाही, म्हणून एका बुंध्यापाशी दोन मिनिटं थांबावं लागतं. धुकं असलं तरी यातलं काही हुकत नाही.

बेकर्स फॉल्सला उतरायच्या पायऱ्या उंच आणि ओल्या असतात, आणि तोवर गुडघे थकलेले असतात. काठी न्या. गुडघेदुखी असेल तर न उतरता वरूनच आवाज ऐका, धबधबा वीसेक मीटरचाच आहे. सगळी फेरी तीन-चार तासांत होते.

परतून दम उरला असेल तर पट्टिपोलाकडे जाताना रस्त्याला लागूनच थोटुपोला कांदाची वाट आहे. 2357 मीटर, देशातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर, आणि चढ अगदी थोडा. किरिगलपोट्टा या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर मात्र त्याच दिवशी जाऊ नका, त्यासाठी वेगळी सकाळ लागते.