मुलं एआय घेऊन अभ्यासाला बसतात, तेव्हा या चुका टाळा

‘गृहपाठ एकदम अचूक, पण चाचणीत कागद कोरा.’ सांगलीकडच्या आमच्या शाळेत पालकसभेला ही तक्रार आता हमखास येते. मी हायस्कूलला गणित शिकवतो. चॅटजीपीटी, जेमिनाय अशी प्रश्नाला उत्तर लिहून देणारी एआय अ‍ॅप्स (म्हणजेच चॅटबॉट) बंद करा असं मी म्हणणार नाही. घरात अभ्यास घ्यायला कोणी नसलेल्या पोराला रात्री नऊ वाजता शंका विचारायला जागा मिळते, ही मोठीच सोय आहे. पण वरची तक्रार तुमच्याही घरात असेल, तर पुढच्या गोष्टी एकदा तपासून बघा.

आधी मशीन, मग वही

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

एक गणित घ्या. हळदीचा भाव क्विंटलला १५,००० रुपये होता. तो २० टक्क्यांनी वाढला आणि नंतर २० टक्क्यांनी उतरला. आता भाव किती? यार्डातल्या सौद्यांच्या गप्पा घरात रोज ऐकणारी मुलंसुद्धा पटकन सांगतात, ‘पंधरा हजारच की सर!’ खरं उत्तर १४,४००. एआयला विचारलं तर ते आधी १८,००० आणि मग १४,४०० असं पायरीपायरीनं बरोबर मांडून देतं. मूल ते उतरवून घेतं, आपल्याला समजलं असं त्याला मनापासून वाटतं, आणि आठवड्यानं उसाच्या दरावर तसलंच गणित आलं की पुन्हा तीच चूक करतं.

त्याच मुलाला फळ्यापाशी बोलवून एवढंच विचारा, ‘दुसऱ्या वेळी वीस टक्के कशाचे काढलेस?’ ते गप्प होतं, फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचतं आणि मग स्वतःच म्हणतं, ‘अठरा हजारांचे काढायला पाहिजेत.’ उत्तर उतरवून घेताना हे घडत नाही.

तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार मुलांवर याचा प्रयोग झाला. एका गटाला गणिताच्या सरावाला साधा चॅटबॉट दिला. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण मागे पडलोय, हे त्यांना जाणवलंही नव्हतं! दुसऱ्या गटाचा चॅटबॉट थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. या मुलांचं परीक्षेतलं नुकसान बरंचसं टळलं, पण फायदाही दिसला नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती ही की ते इशारे शिक्षकांनी तयार केले होते. मुलं कुठल्या पायरीवर घसरतात हे वर्गात उभं राहणाऱ्या माणसांना ठाऊक होतं, आणि तेच त्या मशीनला पुरवलं होतं.

म्हणून घरी क्रम बदला. पहिली दहा-पंधरा मिनिटं फोन बाजूला आणि वही पुढे. चुकीचं का होईना, मुलानं काहीतरी मांडलंच पाहिजे. अडलं की मग फोनवर असं लिहायला सांगा: ‘मी इथपर्यंत सोडवलंय. उत्तर सांगू नकोस. माझी कोणती पायरी चुकली तेवढंच विचारून मला शोधायला लाव.’ मजकूर मराठीत लिहिला तरी चालतो. शेवटी फोन उलटा ठेवून तेच गणित आकडे बदलून पुन्हा करायचं. जमलं नाही, तर ते उद्या सरांना विचारायचं, तिसऱ्यांदा मशीनला नाही.

आपल्या भागाची माहिती न तपासता घेणं

प्रकल्पाला ‘प्रतिसरकार’, म्हणजे १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेलं समांतर सरकार, हा विषय आपल्याकडे ठरलेला. मशीन ‘सांगली जिल्ह्यातील कुंडल’ असं सहज लिहून देतं. आजच्या हिशेबानं ते बरोबर आहे, पण १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६०ला. नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात असूनही चळवळीला ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ का म्हणतात, हे या तारखा कळल्याशिवाय मुलाला उमगत नाही. मशीन खरं-खोटं पारखून बोलत नाही. वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, हे ते ठरवत जातं. आपल्या तालुक्यांबद्दल इंटरनेटवर मराठीत मुळात लिहिलंयच कमी, त्यामुळे अशा ठिकाणी त्याची गाडी हमखास घसरते, आणि तीही अगदी ठाम सुरात.

यावर आमच्या वर्गात नियम आहे: तारीख, गाव आणि माणसाचं नाव छापील पुस्तकात किंवा जिल्हा गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) सापडल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. शिवाय गावातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाशी बोलून यायचं. कुंडल-वाळव्याकडच्या घरांमध्ये अजून आठवणी आहेत. त्या आत्ता टिपल्या नाहीत तर कायमच्या जातील.

एआय पकडणाऱ्या टूलवर भरवसा ठेवणं

ही चूक आम्हा शिक्षकांची. निबंध टूलमध्ये टाकायचा, ते म्हणालं ‘मशीननं लिहिलंय’ की मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच असं आपलं टूल जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा टूल्सनी मशीनचे ठरवले होते. आपली मुलं इंग्रजीचा निबंध लिहितात तेव्हा नेमकी याच गटात बसतात. प्रामाणिक मुलावर असा आळ आला तर ते पुन्हा मनापासून लिहायला धजत नाही.

संशय आला तर दोन मिनिटं शेजारी बसवा आणि विचारा: हा मुद्दा का घेतलास? हे उदाहरण कुठून आणलंस? ज्यानं लिहिलंय ते अडखळत का होईना, सांगतं.

प्रश्नपत्रिका आणि शेरे

शिक्षकांनो, मशीनकडून प्रश्न काढून घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक प्रश्न आधी स्वतः सोडवा. दोन उत्तरं निघणारे किंवा अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न सोडवतानाच सापडतात. प्रगतिपत्रकावरचा शेरा मात्र स्वतःच लिहा. ऊसतोडीच्या हंगामात मूल महिनाभर का आलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मुलांची माहिती फोनवर टाकणं

गुणपत्रकाचे फोटो, घरची परिस्थिती, आजारपण यातलं काहीही चॅटबॉटला देऊ नका. मदत हवीच असेल तर नाव, शाळा आणि हजेरी क्रमांक काढून फक्त प्रश्न लिहा. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी हवी. पाचवी-सहावीच्या मुलाला स्वतःचं खातं उघडून देऊ नका. शंका असेल तर फोन तुमच्या हातात ठेवून, दोघांनी मिळून विचारा.