एकतीस ठिपके

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमा हाती दिल्या आणि म्हणाले, "रेडशिफ्ट दहाच्या आसपासच्या दीर्घिका सापडतात का बघ." रेडशिफ्ट म्हणजे विश्व प्रसरण पावताना प्रकाश किती ताणला गेला याचं माप; आकडा मोठा, तितकी दीर्घिका दूरची. पंधरा दिवसांत मी ३१ ठिपके घेऊन गेले. सरांनी एवढंच विचारलं, "प्रतिमा उलटी करून पाहिलीस?"

म्हणजे प्रत्येक पिक्सेलला उणे एकने गुणायचं आणि तोच शोध पुन्हा चालवायचा. उलट्या प्रतिमेत जे सापडतं ते आकाशात नसतंच, तो नुसता गोंगाट, म्हणजे प्रतिमेतले योगायोगाचे चढउतार. मला त्यात १९ ठिपके सापडले, म्हणजे माझ्या ३१ मधलेही साधारण तेवढे खोटे असू शकतात! त्या रात्री जेवण गेलं नाही. नव्याने येणाऱ्याने ही तपासणी पहिल्याच आठवड्यात करावी.

शोधाची मूळ युक्ती सोपी आहे. सुरुवातीच्या विश्वातला हायड्रोजन ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो. रेडशिफ्ट दहा असेल तर ही सीमा ११ पट ताणली जाऊन १.३४ मायक्रॉनवर येते. म्हणून १.१५ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये काळोख आणि १.५ च्या फिल्टरमध्ये ठिपका, असं दिसलं की कान टवकारायचे. आम्ही याला ड्रॉपआउट म्हणतो.

पण पावणेतीनच्या आसपासच्या रेडशिफ्टची, वयस्क ताऱ्यांची दीर्घिकाही नेमकी तिथेच फिकी पडते. आपल्याच आकाशगंगेतले थंड, अंधुक तपकिरी खुजे तारेही फसवतात. म्हणून १.१५ ची प्रतिमा थोडी धूसर करून, कॉन्ट्रास्ट ताणून, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या एका लाडक्या ठिपक्याच्या जागी असा पुसट उजेड उमटला आणि तो यादीतून गेला.

मोठ्यांचंही असं होतं. २०२२ मध्ये सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका रेडशिफ्ट १६ ची वाटली होती. २०२३ मध्ये वर्णपट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड, आला आणि आकडा निघाला ४.९. धूळ आणि वायूच्या तेजस्वी रेषा यांनी मिळून फिल्टरांना चकवलं होतं. उलट उदाहरण जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचं. शेजारी जवळची दीर्घिका असल्याने तिच्यावर संशय होता, पण २०२४ मध्ये वर्णपटाने तिचं अंतर पक्कं केलं. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा तो प्रकाश! वर्णपटाशिवाय 'सापडली' म्हणू नका, 'उमेदवार' म्हणा.

तयारीचं म्हणाल तर भौतिकशास्त्र, पायथॉन आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्र मी टाळलं होतं, ते फार महागात पडलं. वेबच्या बऱ्याच प्रतिमा मास्ट या ऑनलाइन संग्रहातून कुणालाही फुकट उतरवता येतात. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका वेबच्या अशाच खुल्या निरीक्षणांतून मिळाली. तेव्हा प्रवेशाचं पत्र येईपर्यंत थांबू नका, आजच एक तुकडा उतरवा.

माझ्या यादीत आता एकच ठिपका उरलाय, सतराव्या क्रमांकाचा. त्याच्या वर्णपटासाठी दुर्बिणीचा वेळ मागणारा अर्ज लिहायला घेतलाय.