वाढलेलं वजन स्नायूंचं की चरबीचं?

स्नायू वाढवायला व्यायाम करताय आणि जास्त खाताय, तेव्हा काटा वाढ दाखवतो. ती कशाची, ते सांगत नाही. जोडीला शिंप्याची टेप ठेवा.

१. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा मीठ-पाण्याने किलोभर सहज हलतो.
२. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून कंबर मोजा. पोट आत ओढायचं नाही!
३. सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा टक्का वाढावी. ७० किलोला १७५ ते ३५० ग्रॅम.
४. तीन आठवडे वाढ नसेल तर रोज १५० कॅलरी वाढवा. कंबर वाढतेय, पण व्यायामात बारवर उचलता ते वजन तिथेच? मग तेवढ्याच कमी करा, तेल-साखरेतून. प्रथिनं रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमखाली नकोत.

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) नुकतं सुरू केलं असेल तर सुरुवातीची वाढ बहुतेक पाण्याची. त्यावरून जेवण कापू नका.