कालव्याच्या काठाने वुल्व्हरहॅम्प्टन ते बर्मिंगहॅम: सायकल कशी चालवावी

"बर्मिंगहॅममध्ये व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत" असं ज्याने ऐकवलं, त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सपाट रस्ता, एकही गाडी नाही, कोणीही चालवेल." सपाट आहे हे खरं. गाडी नाही हेही खरं. पण एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भिंत किंवा काटेरी कुंपण, आणि मधल्या जेमतेम वाटेवर कुत्री, बाबागाड्या, गळ टाकून बसलेले आजोबा आणि कामावरून घरी पळत सुटलेले सायकलवाले. "गाडी नाही" एवढ्या भरवशावर इथे कोणी जोरात सुटला, की तो दिवस दुसऱ्या कोणाचा तरी खराब करतो.

ही वाट होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेली आहे. ब्लॅक कंट्रीचा, म्हणजे या दोन शहरांमधल्या जुन्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्याचा, कोळसा आणि लोखंड या पाण्यावरून जायचं. आता कारखाने गेले, घोडे गेले, वाट राहिली. इथे तिला टोपाथ म्हणतात. ती सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सायकलसाठी परवाना मागत नाही, पैसे घेत नाही. एकच मागणं असतं: चालणाऱ्याला आधी वाट द्या.

दिशा

बहुतेक जण गॅस स्ट्रीटपासून, म्हणजे बर्मिंगहॅमकडून, निघायला सांगतात. उलटं करा. सकाळच्या गाडीने वुल्व्हरहॅम्प्टनला जा (वीसेक मिनिटांचा प्रवास, सायकल नेता येते, फक्त ऑफिसची गर्दी टाळा) आणि सायकलवर परत या. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, तो पाठीवर राहतो. वाटेतले तीन लॉक (होडीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद) चढायच्याऐवजी उतरायला मिळतात. आणि अवघड भाग सगळा सुरुवातीला येतो, जेव्हा पाय ताजे असतात आणि वाटेवर माणूस कमी असतो. एकूण अंतर वीस-बावीस किलोमीटर धरा.

कंटाळा आला किंवा पाऊस लागला तर घाबरायचं कारण नाही. कोझली, टिपटन, डडली पोर्ट, सँडवेल अँड डडली, स्मेदिक गॅल्टन ब्रिज ही सगळी स्टेशनं कालव्याला धरूनच आहेत.

सायकल

रोड बाइकचे सुतळीसारखे टायर घरी ठेवा. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायर, जमल्यास पंक्चर-रोधक. हिवाळ्याच्या तोंडावर काठाची हॉथॉर्नची कुंपणं छाटतात आणि काटे वाटेवरच पडून राहतात. त्या दिवसांत दोन ट्यूब जवळ हव्यात. मडगार्ड हवेत, कारण बदकांची आणि हंसांची घाण पाठीवर उडते. पाय अडकवून ठेवणारे पेडल नकोत, का ते पुढे कळेल. घंटी हवी. हेडफोन नकोत.

पुलाखालून जाणं

सगळं कौशल्य इथे लागतं. बाकीचा प्रवास म्हणजे नुसतं पेडल मारणं.

वुल्व्हरहॅम्प्टन ते कोझली हा पट्टा मुळात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आखलेल्या कालव्याचा आहे. १७७२ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा जमिनीच्या उंचसखलपणाला धरून वळणं घेत जातो. थॉमस टेलफर्ड या दुसऱ्या इंजिनिअरने १८२४ मध्ये तो पाहिला आणि 'वाकडातिकडा चर' अशा अर्थाची त्याची संभावना केली. पुढे त्याने कोझलीपासून बर्मिंगहॅमपर्यंत नवा, सरळ, चाळीस फूट रुंद कालवा काढला, दोन्ही काठांना वाट ठेवली. म्हणजे अवघड पूल जास्त करून ब्रिंडलीच्या भागात. टेलफर्डच्या भागात तुम्ही निवांत.

ब्रिंडलीच्या पुलापाशी काय होतं ते बघा. कालवा वळतो, आणि नेमका वळणावर विटांचा बुटका पूल येतो. वाट पुलाकडे जाताना थोडी खाली उतरते, कमानीखाली अरुंद होते, आणि पलीकडे परत चढते. कमान डोक्याच्या बाजूने आत झुकलेली असते. त्यामुळे माणूस आपसूक भिंतीपासून दूर, म्हणजे पाण्याकडे, सरकतो. काठाचे दगड शेवाळाने गुळगुळीत. खाली विटा, त्याही ओल्या. आणि पलीकडून कोण येतंय ते अजिबात दिसत नाही. मला सुरुवातीला हे पूल अजिबात जमत नसत. मग पुढची पद्धत बसली, ती आजवर मोडलेली नाही.

पुलाच्या वीस-पंचवीस पावलं आधीच वेग चालण्याइतका आणा आणि गिअर हलका करा. ब्रेक सगळा इथेच लावून घ्यायचा. कमानीखाली ओल्या विटेवर ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं, आणि सरकायला जागा एकाच बाजूला असते.

मग घंटी, दोनदा, आणि थांबून ऐका. आपल्याकडच्या हॉर्नची सवय इथे नडते. घंटी म्हणजे "मी येतोय, बाजूला व्हा" असं नाही, "आहे का कोणी?" असं विचारणं आहे. उत्तर आलं, कुत्रं भुंकलं, चाकाची खरखर ऐकू आली, की तुम्ही पुलाच्या अलीकडे थांबायचं आणि त्यांना येऊ द्यायचं. तुम्ही आधी पोचला होतात याला काही किंमत नाही. घंटी वाजवून त्याच वेगात आत घुसणारे लोक तुम्हाला रोज दिसतील. त्यांचं बघून शिकू नका. कान कमी ऐकणारी म्हातारी माणसं याच वाटेने फिरायला येतात.

ऊन असेल तर पाण्याकडेही बघा. कमानीखालचं पाणी स्थिर असतं, आणि पलीकडच्या वाटेवरचा माणूस दिसण्याआधी कित्येकदा त्याचं प्रतिबिंब हलताना दिसतं. हे कोणी पाटीवर लिहीत नाही.

आत शिरताना नजर कमानीच्या पलीकडच्या तोंडावर ठेवा. पाण्याकडे टक लावलीत तर हँडल तिकडेच जातं. मान थोडी वाकवा, अंग भिंतीकडे राहू द्या. आणि पाय टेकवायची वेळ आली तर भिंतीकडचा पाय टेकवा. कायम. पाण्याकडचा पाय टेकवणारा माणूस बुटाखाली शेवाळ आहे हे पाय निसटल्यावर शिकतो. पाय अडकवणारे पेडल नको म्हटलं ते एवढ्यासाठीच. तोल जातोच आहे असं वाटलं तर भिंतीवर खरचटून घ्या. खरचटलेलं कोपर दोन दिवसांत बरं होतं.

कालव्यात पडलात तर बहुतेक ठिकाणी उभं राहता येईल इतकंच पाणी आहे, पण तळाला गाळ असतो, गाळात लोखंड असतं आणि पाणी बारा महिने गार. शिवाय उंदीर. मुंबईकरांना लेप्टो म्हणजे काय हे समजवायला नको. इथल्या पाण्यातही तोच धोका आहे. हाताला जखम असेल तर झाकून ठेवा, आणि कुठेही काही खाण्याआधी हात स्वच्छ करा.

मनात शंका आली की उतरा आणि सायकल ढकलत न्या. उतरण्यात कमीपणा वाटणारे लोक बहुतेक ट्यूब बदलायलाही दुसऱ्याला बोलावतात. आणि उतरल्याचा एक फायदा: पुलाच्या कोपऱ्यावर बसवलेली लोखंडी पट्टी बघायला मिळते. होड्या ओढणाऱ्या ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी लोखंडात बोटभर खोल खाचा पाडल्यात. एकाखाली एक, तिरक्या. त्यात बोट घालून बघा.

असेच फसवे म्हणजे फाटे फुटतात तिथले उंचवट्याचे छोटे पूल, वाटेलाच जोडलेले. घोड्याचा पाय घसरू नये म्हणून त्यांच्या चढावर विटांच्या आडव्या धारा बसवलेल्या असतात. चढताना उभं राहून पेडल मारू नका, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उतरताना सरळ रेषेत या.

कोझलीचा बोगदा

१८३७ चा, साधारण ३३० मीटरचा. आत वाट आहे, कठडा आहे, अंधार आहे आणि वरून पाणी ठिबकतं. पुढचा दिवा लावा, उतरा, चालत जा. पाच मिनिटं लागतात. हाच बोगदा झाल्यामुळे कालव्याचा ब्रॅडलीकडून जाणारा मोठा वळसा वाचला. त्या वळशाच्या उरलेल्या तुकड्यावर आजही लॉकचे लाकडी दरवाजे बनवण्याचा कारखाना चालू आहे.

टिपटनचा चकवा

फॅक्टरी जंक्शनला दोन कालवे फुटतात. सपाट पाण्याच्या कडेने जात राहिलात तर जुन्या कालव्यावर जाल. तोही शेवटी बर्मिंगहॅमलाच नेतो, पण वळसे घेत आणि बराच वेळ एम-५ महामार्गाच्या खांबांखालून, वर ट्रकांची घरघर ऐकत. पहिल्या फेरीला नको. पाणी जिथे तीन लॉक खाली उतरतं तिकडे जा, तो टेलफर्डचा नवा कालवा.

लॉकपाशी होडी चढत-उतरत असेल तर थांबा. दरवाजा उघडायला माणसं लांब लाकडी दांड्याला पाठ लावून मागे रेटतात, आणि तो दांडा वाटेवर येतो. त्यांना मागचं दिसत नाही. घाई असेल तर उतरून मदत करा, लवकर सुटाल.

सरळ पट्टा

इथून पुढे शिकवण्यासारखं फारसं नाही. वाट रुंद, बरीचशी गुळगुळीत, आणि इतकी सरळ की तोच तिचा दोष. लोक इथेच वेग घेतात.

वेग घेणाऱ्यांचा मुख्य शत्रू म्हणजे मासे पकडणारे. हे गृहस्थ कार्बन फायबरची काठी वापरतात, ती दहा-बारा मीटर किंवा त्याहूनही लांब असते. मासा लागला की ती पाण्यातून मागे ओढून घेतात, म्हणजे तुमच्या वाटेवर आडवी, रस्त्याचं फाटक पडावं तशी. काळी काठी काळ्या वाटेवर लांबून दिसत नाही. हिरवी छत्री आणि बसायची पेटी दिसली की वेग कमी करा, लांबूनच आवाज द्या, आणि काठी उचलली जाईपर्यंत थांबा. तिच्यावरून चाक घालायचं नाही. तिची किंमत तुमच्या सायकलपेक्षा जास्त असू शकते. जाताना "मॉर्निंग" म्हणा. "ऑलराइट, बॅब?" असं उत्तर येईल (बॅब हे इथलं लाडाचं संबोधन), वय काहीही असो.

थांबून बघण्यासारख्या दोनच जागा सांगतो. एक, स्टुअर्ट अ‍ॅक्विडक्ट: खाली तुमचा कालवा आणि शेजारी रेल्वे, त्यावरून पूल बांधून नेलेला जुना कालवा, आणि सगळ्याच्या वर महामार्ग. दुसरी, स्मेदिकजवळची गॅल्टन ब्रिज, १८२९ ची, ओतीव लोखंडाची ४६ मीटरची एकच कमान, खोल चरावर उंच टांगलेली. मान वर करायची असेल तर आधी थांबा. तिथल्या स्टेशनवरून बाहेर पडून स्मेदिकच्या हाय स्ट्रीटकडे गेलात तर पंजाबी दुकानांत गरम समोसे आणि जिलबी मिळते. मी डब्यात धपाटे नेतो, तरी समोसा सोडत नाही.

शेवट कुठे करायचा

दुपारनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, गॅस स्ट्रीटपर्यंत चालवत जायचा हट्ट नको. ब्रिंडलीप्लेसला हातात कॉफी घेतलेली माणसं पाण्याकडे पाठ करून फोटो काढत असतात. ओल्ड टर्न जंक्शन आलं की उतरा आणि सायकल हातात धरून न्यू स्ट्रीट स्टेशनपर्यंत जा.

लहान मुलं बरोबर असतील तर मात्र वरचं सगळं विसरा आणि हार्बर्न वॉकवेवर जा. १८७४ ची रेल्वे, १९६३ मध्ये पूर्ण बंद झाली, रूळ काढले आणि झाडीतली वाट केली. पाणी नाही, बुटके पूल नाहीत, चढ रेल्वेचे म्हणजे नगण्य. मुलाला ब्रेक आधी लावायची आणि घंटी वाजवून थांबायची सवय तिथे लागू दे. ती पक्की झाली की वुल्व्हरहॅम्प्टनचं तिकीट काढा.