गावच्या क्रिकेट मंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी जमाखर्चाची वही काढा

मंडळाला चाळीस-पन्नास वर्षं होत आली की मीटिंगमध्ये ठराव होतोच: स्मरणिका काढायची. आमदारांचा संदेश, सरपंचांचं मनोगत, वडापाववाल्यापासून चिरेखाणवाल्यापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती आणि मध्ये कुठेतरी दोन पानं ‘मंडळाची वाटचाल’. ती दोन पानं कोणी लिहायची, असं म्हटलं की सगळे स्कोररकडे बघतात. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात तो स्कोरर मी. तुमच्यावर ही पाळी आली असेल तर मी काय काय केलं ते सांगतो.

चषकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. चषक शोकेसमध्ये आहेत, ते कुठे पळत नाहीत. पहिल्यांदा खजिनदाराच्या घरी जा आणि जमाखर्चाची वही मागा. ती ट्रंकेत, सत्यनारायणाच्या पोथीखाली असते. आमच्या वहीत एका पानावर ओळीने आहे: नारळ, अगरबत्ती, चुना, सुतळी, टेनिस बॉल, अंपायरना चहा, लाऊडस्पीकर भाडे. आणि खाली तिरक्या अक्षरात, ‘बॉल 2, करवंदीत गेले.’ म्हणजे तेव्हा मॅच सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर होत होत्या, भाताच्या मळ्यात नाही. हे मला कोणी म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं. लाऊडस्पीकर कोणत्या साली आला, जनरेटर लावून रात्रीचे सामने कधी सुरू झाले, यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचे पैसे कधीपासून द्यायला लागलो, सगळं खर्चाच्या बाजूला सापडतं. जमेची बाजूही वाचा. वर्गणी कोणत्या वाडीतून आली आणि कोणत्या वाडीकडे मागितलीच नाही, ते तिथे दिसतं.

आता स्थापनेचं साल. आमच्या पट्ट्यात ज्याला विचाराल तो सांगतो, ‘1983, कपिलने वर्ल्डकप आणला तेव्हा.’ 25 जून 1983 ला लॉर्ड्सवर आपण 183 ला आटोपलो आणि वेस्ट इंडिजला 140 मध्ये गुंडाळलं, हे खरंच. पण 25 जून म्हणजे कोकणात लावणीची घाई. गुडघाभर चिखलात उभं राहून कोणी क्रिकेट मंडळ काढत नाही. आमच्या वहीचं पहिलं पान 1982 च्या मे महिन्यातलं निघालं. मग मागे जाऊन विचारलं, त्या वर्षी गावात एवढी पोरं कुठून आली? उत्तर एका आजींनी दिलं: ‘संपात आली ना सगळी.’ 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले कितीतरी कोकणातले. शिमग्याला गावी आलेले परत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या मैदानांवर खेळलेली पोरं, रिकामे हात, कापणी होऊन मोकळी पडलेली शेतं. आमचं मंडळ तिथून सुरू झालं. कपिलचं नाव नंतर चिकटलं, कारण ते सांगायला बरं वाटतं.

नोंदणीचा दाखला असेल तर तोही बघा. सोसायटी नोंदणीचा 1860 चा कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा, या दोन्हींखाली मंडळं नोंदलेली असतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढला की पहिल्या विश्वस्तांची नावं मिळतात. फक्त दाखल्यावरची तारीख म्हणजे जन्मतारीख, असं धरू नका. बहुतेक मंडळं आधी बरीच वर्षं खेळतात आणि बँकेत खातं काढायची वेळ आली की नोंदणीला धावतात.

म्हाताऱ्यांशी बोलायचं तंत्र वेगळं आहे. ‘काही आठवणी सांगा’ म्हटलंत तर भाषण ऐकावं लागेल. त्यापेक्षा विचारा, बॉल कुठून आणायचात? बॅट कोणाची होती? बॉल विहिरीत गेला तर किती रन? शेवटच्या प्रश्नावर तर गडी उठून उभे राहतात. आमच्याकडे गोठ्याच्या कौलावर बॉल गेला की आऊट, कारण कौलं फुटायची आणि गोठा ज्याचा, त्याचंच शेत. हे स्थानिक नियम स्मरणिकेत जरूर द्या, मोठ्या अक्षरात. शक्यतो दोघांना एकत्र बसवा, त्यांतला एक विरोधी वाडीचा. एक खोटं बोलायला लागला की दुसरा तिथेच पकडतो. साल आठवत नसेल तर खुणा द्या: कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर 1967, आणीबाणी, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ते 1998.

आकड्यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला गाठायला 9 धावा हव्या होत्या आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. ही गोष्ट आज ठामपणे सांगता येते, कारण स्कोअर लिहिलेला आहे. तुमच्या गावातल्या तात्यांनी एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले असतील, मी नाही कुठे म्हणत. पण वहीत नसेल तर ‘असं सांगतात’ हे दोन शब्द जोडाच. तात्या रागावतील. आमचे रागावले, मग चहा पाजला.

सगळ्यात अवघड भाग फोटोचा. पहिल्या टीमचा फोटो समोर ठेवा आणि त्यात कोण नाही ते शोधा. पाळवणकर बाळू दलित समाजातले, त्यांचं घराणं आडनावाप्रमाणे मूळचं कोकणातलं. पुण्यात मैदानाची निगा राखता राखता ते गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची बॉलिंग हवी होती, पण चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढूनही त्यांना हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. मग आपल्या गावात बौद्धवाडीची टीम वेगळी का होती? एकत्र कधी खेळायला लागलो? लागलो का? दोन्हीकडच्या माणसांना विचारा आणि सांगतील तसं लिहा. कमिटीतलं कोणीतरी म्हणेल, ‘हे कशाला उकरतोस?’ तो परिच्छेद काढायला लागला तर मग सगळा लेखच काढा, असं मी सांगितलं. राहिला.

मुंबई मंडळाची, म्हणजे गावच्या चाकरमान्यांच्या तिकडच्या मंडळाची वही वेगळी असते, हे विसरू नका. ती पूर्वी चाळीतल्या खोलीत असायची, आता दिवा नाहीतर विरारला कोणाच्या तरी माळ्यावर. गावची वही आणि मुंबईची वही जुळत नाहीत. जुळवत बसू नका, दोन्ही छापा. जमिनीचंही बघा: सातबारावर ज्याचं नाव, त्याने कधी एक पैसा न घेता मळा खेळायला दिला असेल. ते नाव अध्यक्षांच्या आधी यायला हवं.

भांडणं लिहा, नावं गाळा. अंपायरच्या निर्णयावरून फायनल अर्धवट सुटली, एवढं पुरे. बॅट कोणी उगारली, ते सगळ्या गावाला माहीत असतंच.

छापायला देण्याआधी मसुदा शिमग्यात देवळासमोर मोठ्याने वाचा, कारण तेव्हा चाकरमानीही असतात. आरडाओरडा होईल, होऊ द्या. एकाला वही-पेन देऊन दुरुस्त्या लिहायला बसवा. फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे, त्या त्या घरात जाऊन तपासा. आडनाव चुकलं तर पुढच्या वर्षी त्या घराची वर्गणी बंद.