गोव्याला चार्टर विमान करायचंय? आधी विचारा, विमान येणार कुठून

मुंबई–गोवा चार्टरचा भाव विचारला की पहिलं उत्तर ताशी दराचं येतं. गोवा तासाभरावर, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास, असा हिशोब आपण मनात मांडतो आणि प्रत्यक्षात कोटेशन त्याच्या दुपटीनं येतं. यात बहुतेक वेळा फसवणूक नसते. चार्टरमध्ये आपण तिकिटं काढत नाही, अख्खं विमान आणि त्याचा वेळ भाड्यानं घेतो. ते रात्री जिथं उभं असतं तिथून आपल्यापर्यंत येण्याचा आणि आपल्याला सोडून परत जाण्याचा खर्चही आपल्याच माथी. गावी जाताना भाड्याची गाडी केलेल्या कुणालाही रिकाम्या फेरीचं भाडं समजावून सांगावं लागत नाही. इथंही तेच, फक्त आकडे लाखांत असतात.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे: विमान येणार कुठून आणि थांबणार कुठं?

पायरी १: गरज तपासा

दोघंच जण मौजेसाठी जात असाल तर चार्टर करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईहून गोव्याला दिवसभर विमानं आहेत, आणि जून २०२३ पासून सीएसएमटी ते मडगाव वंदे भारतही धावते. चार्टरला अर्थ येतो तो सहा-आठ जणांचं कुटुंब एकत्र निघतं तेव्हा, किंवा सकाळी जाऊन लग्न लावून रात्री परतायचं असतं तेव्हा. घरातल्या थकलेल्या माणसाला मोठ्या विमानतळाची लांबच लांब चाल आणि रांगा झेपत नसतील, तरी खर्च पटण्यासारखा असतो. रुग्ण हलवायचा असेल तर मात्र साधं चार्टर मागू नका. त्यासाठी वैद्यकीय साधनं आणि डॉक्टर असलेली एअर ॲम्ब्युलन्स वेगळी असते.

पायरी २: उतरायचं कुठं ते रिसॉर्ट पाहून ठरवा

'गोवा' एवढंच सांगून कोटेशन मागवू नका. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी हा मुळात नौदलाच्या आयएनएस हंसा तळाचा भाग. तिथं कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाण-सरावासाठी राखून ठेवलेले असतात, त्यामुळे 'सोमवारी सकाळी दहाला उतरायचंय' ही मागणी अडू शकते. उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली.

कोलवा, बाणावली, केळशी या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर मुक्काम असेल तर दाबोळी सोयीचा. मोरजी, आश्वे, हरमल असेल तर मोपा. उलटं केलंत तर विमानात वाचवलेला वेळ रस्त्यावर जातो, आणि डिसेंबरात गोव्याच्या रस्त्यांवर वेळ कसा जातो हे तिथं अडकलेल्यालाच ठाऊक.

तिसरा पर्याय मराठी माणसानं तरी विसरू नये. वेंगुर्ला तालुक्यातला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. धावपट्टी अडीच किलोमीटरची, म्हणजे छोट्या-मध्यम चार्टर विमानांना भरपूर. तारकर्ली, मालवण, भोगवे, वेंगुर्ला इथल्या रिसॉर्टला जायचं असेल तर हाच जवळचा. उलट शिरोडा-रेडीकडे जायचं असेल तर नकाशा उघडून मोपाही तपासा, कारण तो महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी लागून आहे. छोट्या विमानतळाबाबत तीन गोष्टी ऑपरेटरकडून, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीकडून, लेखी घ्या: त्या दिवशी विमानतळ किती ते किती उघडा आहे, अंधार पडल्यावर उतरता येतं का, आणि इंधन मिळतं का. गणपतीत गावच्या घरी जाणाऱ्यांनी तर हे आधीच विचारून ठेवावं.

पायरी ३: जेटचा हट्ट सोडा

मुंबई ते दाबोळी हवाई अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. बीचक्राफ्ट किंग एअर बी-२०० हे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं, दोन इंजिनांचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. हॉकर ८०० सारखं मध्यम जेट त्याच्या जवळजवळ दीडपट वेगानं. एवढ्या अंतरात फरक पडतो पंधरा-वीस मिनिटांचा, आणि भाड्यातला फरक मात्र डोळ्यांत भरणारा असतो. दिल्लीहून गोव्याला यायचं असेल तर जेटची गोष्ट वेगळी. मुंबईहून किंवा पुण्याहून गोव्यासाठी टर्बोप्रॉप बहुतेकांना पुरतं. पंखा दिसला म्हणजे विमान जुनाट किंवा कमी सुरक्षित, ही समजूत काढून टाका.

जेट घ्यावं ते जागेसाठी, आणि इथं आकडे उपयोगी पडतात. किंग एअरच्या केबिनची उंची सुमारे १४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट. आत सरळ उभं राहता येत नाही, कमरेत वाकून आपल्या खुर्चीपर्यंत जावं लागतं. सायटेशन सीजे-२ सारख्या छोट्या जेटमध्येही उंची तेवढीच! हॉकरमध्ये ती पावणेसहा फुटांच्या आसपास जाते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर दाराची चौकशी नीट करा. या विमानांना एअरोब्रिज लागत नाही. दार खाली उघडतं आणि त्याच्याच आतल्या बाजूला चार-पाच अरुंद पायऱ्या असतात. एका वेळी एकच माणूस चढू शकतो, आधार देणारा शेजारी उभा राहू शकत नाही, आणि वर पोचताच डोकं सांभाळून वाकायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सगळ्या प्रवासातलं अवघड काम हेच. ऑपरेटरला दाराचा आणि पायऱ्यांचा फोटो मागा, आणि तो घरात त्या व्यक्तीला दाखवून मगच ठरवा. टॉयलेटचंही विचारून घ्या. छोट्या विमानांत ते नुसत्या पडद्याआड असू शकतं.

पायरी ४: कोटेशन ओळ न् ओळ वाचा

समजा, सात जण शुक्रवारी मुंबईहून जाणार आणि सोमवारी परतणार. हिशोब सोपा जावा म्हणून ताशी दर दीड लाख रुपये आणि एका बाजूचं उड्डाण एक तास धरू. विमान मुंबईचंच आहे. ते तुम्हाला सोडून रिकामं परत येईल, सोमवारी रिकामं जाईल आणि तुम्हाला घेऊन येईल. उड्डाण झालं चार तास, म्हणजे ६ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख ८ हजार. एकूण ७ लाख ८ हजार, माणशी लाखाच्या वर. यात उतरणावळ, हँडलिंग (विमानतळावरच्या सेवांचे पैसे), पार्किंग अजून धरलेलं नाही.

'मग विमान गोव्यातच थांबवा ना!' हे लगेच सुचतं. पण अनेक ऑपरेटर दिवसाला किमान दोन तासांचं भाडं लावतात, विमान उडो वा न उडो. शुक्रवार ते सोमवार चार दिवस, म्हणजे आठ तास, म्हणजे १२ लाख, शिवाय वैमानिकांचा मुक्काम. रिकाम्या फेऱ्या त्यापेक्षा स्वस्त. याच नियमानं एका दिवसात जाऊन येणं सगळ्यांत किफायतशीर ठरतं: दोन तास उड्डाण, दोन तास किमान भाडं, ३ लाख अधिक कर. आणि तेच विमान दिल्लीहून यायचं असेल तर प्रत्येक वेळी मुंबईपर्यंतचे दोन-दोन तास वर चढतात. पुणेकरांनीही लक्षात ठेवावं की विमान मुंबईहून येत असेल तर तो छोटासा टप्पासुद्धा बिलात येतो.

वेळ मोजतात ती विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. मुंबईत धावपट्टीसाठी रांगेत उभं राहण्याची वीस मिनिटंही त्यातच. म्हणून 'अंदाजे' लिहिलेलं कोटेशन आणि 'ठरलेली रक्कम' लिहिलेलं कोटेशन यांत मी नेहमी दुसरं घेईन, थोडं महाग असलं तरी.

लवचिक असाल तर रिकाम्या फेऱ्यांचा फायदाही उठवता येतो. शुक्रवारी संध्याकाळी गोव्याला लोकांना सोडून विमानं रिकामी मुंबईला परततात, आणि रविवारी लोकांना आणायला रिकामी गोव्याला जातात. या फेऱ्या ऑपरेटर बऱ्याच कमी दरात विकतात. फक्त मूळ गिऱ्हाइकानं वेळ बदलली की तुमचीही बदलते, किंवा फेरीच रद्द होते. लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल तर या वाटेला जाऊ नका.

पायरी ५: परवाना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

इथं मी अजिबात सवलत देणार नाही. भाडं घेऊन प्रवासी नेण्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, अनियमित वाहतुकीचा परवाना लागतो. व्यवहारात त्याला सगळे 'एनएसओपी' म्हणतात. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. एखाद्या उद्योगपतीचं स्वतःच्या वापराचं विमान ओळखीतून 'कमी पैशांत' मिळत असेल तर ते बेकायदा भाडं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

मध्ये दलाल असायला हरकत नाही. चांगला दलाल चार ठिकाणचे भाव आणून देतो. पण करारावर उडवणाऱ्या कंपनीचं नाव हवं. विमानाचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात तो 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. हाच क्रमांक परवान्यावर चढवलेला आहे का आणि प्रवाशांचा विमा चालू आहे का, ते कागदावर पाहा. वैमानिक दोन असतील हेही लिहून घ्या. 'ऐन वेळी तत्सम विमान दिलं जाईल' अशी ओळ असेल तर बदललेल्या विमानाची तीच कागदपत्रं मिळतील, असं तिथंच जोडून घ्या.

पायरी ६: मुंबईची वेळ आधी पक्की करा

मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासांत खासगी आणि चार्टर विमानांना बंदी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे निर्बंध दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेले गेले. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा तुमच्या तारखेला कोणता स्लॉट, म्हणजे उड्डाणाची नेमून दिलेली वेळ, मिळाला हे विचारा आणि मगच हॉटेल, हॉलच्या वेळा ठरवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी एखादा दिवस धावपट्ट्या तासन् तास बंद असतात, तोही पाहून घ्या. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथंही मनासारखी वेळ मिळेलच असं नाही.

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गोव्यात विमान उभं करायला जागा मिळणं कठीण होतं. मग ते दुसऱ्या विमानतळावर नेऊन ठेवतात आणि त्या फेऱ्या तुमच्या बिलात येतात. या दिवसांसाठी दोन-तीन महिने आधी हालचाल करा.

पायरी ७: बॅगा आणि ओळखपत्रं

सगळ्यांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच कळवा. सुरक्षा तपासणी चार्टरलाही असते. मुंबईत हे सगळं नेहमीच्या टर्मिनलवर नसतं, कलिना बाजूच्या जनरल एव्हिएशन टर्मिनलवर असतं. ड्रायव्हरला हे आधीच सांगा, नाहीतर सवयीनं गाडी टी-टूला जाते.

बॅगांचं वजन आणि माणसांचं वजन खरं सांगा. छोट्या विमानात त्यावरून इंधन आणि बसण्याच्या जागा ठरतात. मोठ्या कडक ट्रॉली बॅगा छोट्या जेटच्या सामानकप्प्याच्या दारातून जातच नाहीत; मऊ कापडी बॅगा घ्या. पैठण्यांच्या पेट्या, पूजेचं सामान, ढोल-ताशे रस्त्यानं आदल्या दिवशी पाठवलेले बरे.

पायरी ८: पावसाळ्यासाठी वेगळी तयारी

जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर ढग खाली उतरतात आणि काही मिनिटांत दिसेनासं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणमहून आलेलं एक लिअरजेट मुसळधार पावसात मुंबईत उतरताना धावपट्टीशेजारी कोसळलं. विमानातले आठही जण बचावले. त्यामुळे वैमानिक 'अजून तासभर थांबू' म्हणाला तर त्याला घाई करू नका, आणि घरातल्या कुणाला करूही देऊ नका. त्यांच्या ड्यूटीच्या तासांनाही कायद्याची मर्यादा आहे. रिसेप्शन लांबलं म्हणून ते मध्यरात्रीपर्यंत ताटकळत थांबू शकत नाहीत.

विमान दुसरीकडे वळवावं लागलं तर जादा उड्डाणाचे पैसे कोण देणार, हे करारात आधी लिहून घ्या. गोवा बंद असेल तर बेळगाव किंवा हुबळीचा पर्याय असू शकतो. बेळगावहून उत्तर गोव्याला चोर्ला घाटानं आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याला आंबोली घाटानं गाडीनं काही तासांत पोचता येतं, म्हणून बेळगावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर निघण्यापूर्वीच फोनमध्ये घालून ठेवा.